वाक्य बरोबर वाटते, तरी गुण जातो: 'अशुद्ध वाक्य ओळखा' या प्रश्नाचे निदान आणि उपाय

स्पर्धा परीक्षेच्या मराठी विभागात समास, अलंकार, म्हणी यांचे गुण हमखास मिळवणारे उमेदवार एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडकतात. 'पुढीलपैकी व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाक्य ओळखा' किंवा 'वाक्यातील अशुद्ध भाग ओळखा'. तक्रार बहुतेकांची सारखीच असते. नियम पाठ आहेत, प्रयोगांच्या व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात, पण चार वाक्ये समोर आली की चारही बरोबर वाटतात. प्रश्नसंच सोडवत राहूनही या प्रश्नांचे गुण वाढत नाहीत, कारण ज्या सवयीने गुण जातात त्याच सवयीने सराव चाललेला असतो.

ती सवय म्हणजे वाक्य मनातल्या मनात म्हणून बघणे आणि कानाला कुठे खटकते का याची वाट पाहणे. कान इथे दोन कारणांनी दगा देतो. पहिले कारण असे की आपण अर्थासाठी वाचतो. अर्थ लागला की मन पुढे सरकते आणि एखादा गळलेला 'त' किंवा चुकलेला प्रत्यय स्वतःच भरून घेते. दुसरे कारण, कान घरच्या आणि गावच्या बोलण्यावर तयार झालेला असतो. 'पोलिसांनी चोराला पकडला' असे ज्याने लहानपणापासून ऐकले, त्याला त्यात काहीच खटकणार नाही, आणि त्याच्या बोलीपुरते ते वाक्य ठीकच आहे. बोली ही बिघडलेली भाषा नव्हे, हे इथे ठामपणे सांगायला हवे. परीक्षा प्रमाण मराठीची असते आणि तिचे नियम वेगळे पडतात, एवढाच मुद्दा.

म्हणून वाक्य कसे ऐकू येते हे विचारणे सोडा. वाक्यातला कोणता शब्द कोणत्या शब्दाला बांधलेला आहे, हे विचारा. क्रियापद एका नामाला बांधलेले असते, विशेषण नामाला, सर्वनाम आधी आलेल्या नामाला, 'तर' हा 'जर'ला, 'जाऊन' हे जाणाऱ्याला. वाक्यरचनेची जवळजवळ प्रत्येक चूक म्हणजे यातली एखादी गाठ सुटलेली असणे. वेळ कमी असतो हे मान्य. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना १२० मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. पण गाठी शोधायला त्याहून कमी वेळ लागतो. फक्त सुरुवात वाक्याच्या शेवटापासून, क्रियापदापासून करायची.

क्रियापद कोणाचे ऐकते?

सर्वांत जास्त गुण इथे जातात, म्हणून इथेच जास्त थांबू.

व्याख्या बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट पाहा: कोणत्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही? कर्त्याला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते: 'मुलगी पत्र लिहिते', 'मुलगे पत्र लिहितात'. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला असेल तर कर्माकडे वळा. कर्म मोकळे असेल तर क्रियापद कर्माचे लिंग-वचन घेते: 'मुलीने आंबा खाल्ला', 'मुलाने चिंच खाल्ली', 'मुलांनी पेरू खाल्ले'. दोघांनाही प्रत्यय असेल तर क्रियापद कोणाचेच ऐकत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते (हाच भावे प्रयोग): 'पोलिसांनी चोराला पकडले', 'शिक्षकांनी मुलींना समजावले'. इथे 'मुलींना समजावल्या' असे लिहिलेला पर्याय हमखास दिलेला असतो आणि तो फसवतो, कारण जवळच 'मुलींना' हा अनेकवचनी स्त्रीलिंगी शब्द बसलेला असतो.

यातही एक पोटसापळा आहे. 'ना' किंवा 'ला' दिसला की लगेच भावे प्रयोग समजू नका. 'आईने मुलीला हाक मारली' या वाक्यात 'मुलीला' प्रत्ययासह आहे, पण 'हाक' मोकळी आहे, म्हणून 'मारली' बरोबर. 'त्यांनी मला पुस्तके दिली' यातही 'पुस्तके' मोकळी आहेत. आधी वाक्यभर नजर फिरवून मोकळे नाम आहे का ते पाहायचे, मगच निकाल द्यायचा.

'मी', 'आम्ही', 'तू', 'तुम्ही' हे कर्ते वेगळा घोळ घालतात. त्यांना 'ने' लागलेला दिसत नाही, त्यामुळे प्रयोग ओळखता येत नाही. उपाय सोपा आहे. त्यांच्या जागी 'तो' किंवा 'त्याने' घालून पाहा. 'मी पत्र लिहिले' याचे 'त्याने पत्र लिहिले' होते, म्हणजे क्रियापद पत्राचे. मग लिहिणारी स्त्री असली तरी 'मी पत्र लिहिली' होणार नाही. 'मी गावाला गेलो' याचे 'तो गावाला गेला' होते, म्हणजे क्रियापद कर्त्याचे, आणि बोलणारी स्त्री असेल तर 'गेले'.

'तू आंबा खाल्लास', 'तू कविता लिहिलीस' अशी वाक्ये बरेच जण अशुद्ध ठरवतात, कारण क्रियापद अर्धे कर्माचे आणि अर्धे कर्त्याचे दिसते. ते तसेच आहे, आणि ते शुद्ध आहे. व्याकरणात त्याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. 'लिहिली' हा भाग कवितेचा, शेवटचा 'स' तुझा.

आता अपवाद. काही क्रियापदांना कर्म असते, तरी भूतकाळात ती कर्त्यालाच धरून राहतात. शिकणे, विसरणे, बोलणे, भेटणे, नेसणे ही त्यांतली परीक्षेत उपयोगी पडणारी. 'तो मराठी शिकला', 'ती छत्री विसरली', 'तो खोटे बोलला', 'तो मला भेटला', 'ती साडी नेसली'. 'त्याने मराठी शिकली', 'तिने साडी नेसली' हे आता सर्रास ऐकू येते, पण प्रमाण लेखनात शुद्ध पर्याय पहिलाच. 'म्हणणे' याची दोन रूपे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांची अदलाबदल होत नाही: 'ती म्हणाली' आणि 'तिने म्हटले'. 'तिने म्हणाली' हे कुठल्याच खात्यात बसत नाही. ही क्रियापदे संख्येने थोडी आहेत. ती सुटी पाठ न करता प्रत्येकाचे एक वाक्य लक्षात ठेवलेले बरे.

गळलेला 'त'

'काल पावसामुळे मुले मैदानावर आली नाही.' वाचून पाहा, काही खटकत नाही ना? बोलताना आपण 'नाहीत' मधला 'त' खातो, म्हणून डोळ्यांनाही तो नसल्याचे कळत नाही. कर्ता 'मुले', अनेकवचनी, म्हणून 'आली नाहीत'. हाच 'त' आणखी कुठे कुठे गळतो ते पाहा: 'सर्वांनी नियम पाळले पाहिजे' (पाहिजेत), 'मला आणखी पुस्तके नको' (नकोत), 'दोन वह्या हव्या' (हव्यात किंवा हव्या आहेत). वाक्याच्या शेवटी 'नाही', 'पाहिजे' किंवा 'नको' दिसला की थांबायचे आणि मोकळे नाम एक आहे की अनेक, हे पाहायचे. अक्षरशः दोन सेकंदांचे काम, पण सुटत असलेले गुण त्यातूनच परत मिळतात.

उलट बाजूही सांभाळा. 'त' लावण्याची सवय लागली की काही जण तो नको तिथेही लावतात. 'शिक्षकांनी मुलांना बोलावले नाही' यात मोकळे नाम नाही, क्रियापद एकवचनातच राहणार. 'आम्ही गेलो नाही' हेही बरोबर; प्रथमपुरुषात अनेकवचन असूनही 'नाही'च येते. द्वितीयपुरुषात 'तू आला नाहीस' आणि 'तुम्ही आला नाहीत'.

'नये' बद्दल एवढेच लक्षात ठेवा की तृतीयपुरुषी कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागतो. 'त्याने उशिरा येऊ नये' शुद्ध, 'तो उशिरा येऊ नये' अशुद्ध.

लिंग, वचन आणि मान

'तो व्यक्ती प्रामाणिक आहे.' या एका वाक्याने कितीतरी उमेदवारांना फसवले असेल. पुरुषाबद्दल बोलत असलो तरी 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगीच राहतो: 'ती व्यक्ती प्रामाणिक आहे', आणि पुढच्या वाक्यात 'तिने', 'तिचा'. हिंदीत हाच शब्द पुल्लिंगी असल्यामुळे कान आणखी गोंधळतो.

काही शब्द मात्र खरोखर दोन लिंगांचे असतात. 'वेळ' मोजायचा असेल तर पुल्लिंगी, 'माझा वेळ गेला'. प्रसंग या अर्थी स्त्रीलिंगी, 'निघायची वेळ झाली'. अशा शब्दावर बोट ठेवून घाईने अशुद्ध म्हणू नका.

'प्रत्येक' नंतर नाम आणि क्रियापद एकवचनी: 'प्रत्येक विद्यार्थ्याने आपली वही आणावी'. 'हाल' हा शब्द मात्र कायम अनेकवचनी, म्हणून 'त्याचे फार हाल झाले'. 'लोक' हे रूप मुळातच अनेकवचनी आहे, त्यावर अनुस्वार देऊन 'लोकं' करायची गरज नाही. समिती, सैन्य, गर्दी यांत माणसे कितीही असली तरी शब्द एकवचनी, 'समितीने निर्णय घेतला आणि ती बरखास्त झाली'.

मान देण्याच्या बाबतीत पहिले रूप चुकत नाही, दुसरे चुकते. 'माझे वडील काल आले आणि त्याने मला सांगितले' असे वाक्य येते. सुरुवात नीट, पण 'त्याने' मध्ये मान सुटला; हवे 'त्यांनी'. लांब वाक्यात सर्वनाम कर्त्यापासून जितके दूर, तितकी चूक लपायला जागा अधिक. 'बाई' अशा आदरार्थी स्त्रीलिंगी शब्दाला 'आल्या' हवे, 'आले' नव्हे. आणि 'आई आली' हे शुद्ध आहे. आईला मान नाही असे त्यातून निघत नाही; घरातल्या जवळिकीचे ते एकवचन आहे.

दोन कर्ते जोडून आले तर पुरुषाचा क्रम पाहायचा. त्यात 'मी' असेल तर क्रियापद प्रथमपुरुषी: 'तू आणि मी उद्या जाऊ'. 'मी' नसून 'तू' असेल तर द्वितीयपुरुषी: 'तू आणि तो उद्या जाल'. मध्ये 'किंवा' असेल तर क्रियापद जवळच्या, म्हणजे शेवटच्या कर्त्याप्रमाणे: 'एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे येईल का, असे विचारल्यावर कोणी मुलगा किंवा मुलगी आली नाही'.

'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक मराठीची श्रीमंती आहे आणि परीक्षकांचाही तो आवडता आहे. ऐकणारा सोबत असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही'. 'चला, आम्ही सगळे मिळून जाऊ' यात 'चला' म्हणून ज्याला बोलावले त्यालाच 'आम्ही' म्हणून बाहेर ठेवले आहे.

नामाला प्रत्यय लागला, विशेषण मागे राहिले

'मोठा मुलाला बोलाव', 'माझा भावाचे लग्न', 'जुना वाड्यासमोर'. नामाने सामान्यरूप (प्रत्ययाआधी बदललेले रूप) घेतले की आकारान्त विशेषणालाही ते घ्यावे लागते: मोठ्या, माझ्या, जुन्या. 'सुंदर', 'हुशार', 'कठीण' यांसारखी विशेषणे मात्र बदलत नाहीत. मध्ये तीन-चार शब्द घालून विशेषण नामापासून लांब नेले की ही चूक दिसेनाशी होते, तेव्हा प्रत्यय लागलेल्या नामापासून मागे मागे जाऊन त्याची सगळी विशेषणे तपासा. गावांच्या नावांनाही सामान्यरूप होते, 'पुण्याला', 'ठाण्यात'. 'पुणेला', 'ठाणेत' नाही.

'ने' एकवचनाचा, 'नी' अनेकवचनाचा. 'नी' दिसला की त्याच्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार हवाच: विद्यार्थ्यांनी, लोकांनी, आणि आदरार्थी एका व्यक्तीलाही, अध्यक्षांनी, मुख्यमंत्र्यांनी. 'विद्यार्थ्यानी' हे रूप ना एकवचनाचे ना अनेकवचनाचे. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचे: 'त्याच्याकडे', 'झाडाखाली', 'माझ्यामुळे'. तुटक छापलेला पर्याय असेल तर छपाईची चूक समजून सोडून देऊ नका.

जोडवाक्यातल्या लांब गाठी

जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जितका-तितका. यातला पहिला शब्द दिसला की दुसरा शोधा. 'जरी त्याने खूप अभ्यास केला, तर तो नापास झाला' यात अर्थ कळतो म्हणून मन पुढे जाते, हवे 'तरी'. 'जो'-'तो' या जोडीत विभक्ती वेगळी चालते, पण वचन आणि लिंग जुळायलाच हवे: 'जे विद्यार्थी उशिरा आले, त्यांना' हे ठीक, 'त्याला' नाही.

'जर' असलेल्या वाक्यात काळाचीही गाठ असते. 'जर पाऊस पडला असता, तर पीक चांगले येईल' यात पहिला भाग न घडलेली गोष्ट सांगतो आणि दुसरा भविष्य. दोन्हीकडे 'असता' हवे: 'पडला असता, तर पीक चांगले आले असते'. 'पासून' शब्दानेही काळ ठरतो. 'मी लहानपणापासून इथे राहिलो' म्हणण्याऐवजी, राहणे अजून चालू असेल तर 'राहत आहे' किंवा 'राहतो'.

आता 'ऊन'. माझ्या मते ही सर्वांत कमी तपासली जाणारी गाठ आहे. 'जाऊन', 'करून', 'बसून' ही क्रिया करणारा आणि मुख्य क्रिया करणारा सहसा एकच असतो. 'मी घरी जाऊन जेवलो' यात जाणारा मी, जेवणारा मी. 'घरी पोहोचून पाऊस सुरू झाला' यात मात्र पाऊसच घरी पोहोचल्यासारखा होतो. कर्ते वेगळे असतील तर 'ऊन' ऐवजी 'ल्यावर' वापरा: 'मी घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला'.

हा नियम आंधळेपणाने लावला तर मात्र शुद्ध वाक्येही बळी पडतात. 'पाऊस पडून रस्ते चिखलाने भरले' हे शुद्ध आहे, कारण इथे 'पडून' च्या बाजूला त्याचा स्वतःचा कर्ता आहे आणि ते पुढच्या घटनेचे कारण सांगते. 'पत्र वाचून तिला रडू आले' हेही शुद्ध; व्याकरणाने कर्ता 'रडू' असले तरी वाचणारी आणि रडणारी तीच आहे. 'त्याला येऊन दोन वर्षे झाली' ही तर काळ मोजण्याची रूढ रचना. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: 'ऊन' ची क्रिया कोणी केली हे वाक्यातून सरळ कळते का? कळत असेल तर पुढे चला.

पटकन सापडणाऱ्या चुका

एकच अर्थ दोनदा सांगितलेला असतो: 'परत पुन्हा', 'सविनयपूर्वक', 'सहकुटुंबासह', 'गाईचे गोमूत्र', 'कृपया येण्याची कृपा करावी'. एक शब्द खोडला तरी अर्थ पूर्ण राहतो, हीच खूण.

हिंदीची छाया पडलेली असते: 'माझी मदत कर' (मला मदत कर), 'मी त्याला बोललो' (त्याला म्हणालो, किंवा त्याच्याशी बोललो). 'मला माहिती आहे' याऐवजी 'मला माहीत आहे' हे प्रमाण रूप. 'माहिती' हे नाम आहे, ती मिळते, दिली जाते.

वाक्यातले शुद्धलेखन

मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ जोडले गेले. परीक्षेतले शुद्धलेखन या १८ नियमांवर तपासले जाते. वाक्यशुद्धीच्या प्रश्नात मात्र त्यातले मोजकेच पुन्हा पुन्हा डोके वर काढतात.

पहिला, शेवटून दुसऱ्या अक्षराचा. मराठी शब्दातला तिथला दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: वडील-वडिलांनी, बहीण-बहिणीला, जमीन-जमिनीवर, फूल-फुलाला. 'वडीलांनी' आणि 'बहीणीला' ही या परीक्षेतली नेहमीची गिऱ्हाइके. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत: शरीर-शरीरात, परीक्षा-परीक्षेत. म्हणून ऱ्हस्व-दीर्घावर निर्णय देण्याआधी शब्द मराठी वळणाचा की तत्सम, हे ठरवावे लागते.

दुसरा, सामासिक शब्दांचा. 'मंत्री', 'प्राणी', 'बुद्धी' एकटे असताना दीर्घ, समासात पहिले पद झाले की ऱ्हस्व: मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, बुद्धिवाद.

तिसरा, जोडाक्षराचा. 'महत्' ला 'त्व' जोडले की 'त' दोनदा येतो, म्हणून महत्त्व; तसेच तत्त्व. 'नेतृ' च्या शेवटी 'त्' नाही, म्हणून नेतृत्व, कर्तृत्व, अस्तित्व यांत एकच. क्रियापदांत हीच दृष्टी ठेवा: धातूच्या शेवटी 'व' असेल तर धावून, ठेवून, जेवून, नसेल तर खाऊन, जाऊन, गाऊन.

उपाय करूनही गुण जात असतील तर

मग चूक बहुधा उलट्या दिशेची आहे: शुद्ध वाक्याला अशुद्ध ठरवणे. प्रश्नात 'चूक नाही' किंवा 'वरील सर्व शुद्ध' असा पर्याय असला की उमेदवाराला वाटते, काहीतरी चूक असणारच, आणि तो ओढून ताणून एक शोधतो. स्वतःला एकच अट घाला: चूक आहे असे म्हणताना कोणती गाठ सुटली ते शब्दांत सांगता आले पाहिजे. 'कसेतरीच वाटते' हे कारण धरायचे नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणाऱ्या परीक्षेत तर ही अट अधिकच कामी येते.

चुकांची वही ठेवत असाल तर तिच्यात नुसते बरोबर उत्तर उतरवू नका. कोणती गाठ पाहायची राहिली, ते लिहा: 'मोकळे नाम पाहिले नाही', 'दुसरे सर्वनाम तपासले नाही', '"जरी" ची जोडी शोधली नाही'. काही पानांनंतर एकच कारण सारखे येताना दिसेल. तेवढेच कारण पुढच्या सरावात आधी तपासायचे. सगळे व्याकरण पुन्हा पहिल्यापासून वाचत बसण्यात वेळ घालवू नका.

कधी कधी खरेच दोन पर्याय शुद्ध निघतात. 'आम्ही सामना जिंकला' आणि 'आम्ही सामना जिंकलो' ही दोन्ही वापरात आहेत. परीक्षेच्या वेळी अशा प्रश्नावर अडून राहू नका, खूण करून पुढे जा. महाराष्ट्र लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, तिच्यावर मुदतीत हरकती घेता येतात आणि त्यानंतर अंतिम तालिका येते. हरकत घेताना 'असेच बोलतात' हे पुरत नाही. नियम आणि मान्य व्याकरणग्रंथातला आधार जोडावा लागतो. तो आधार शोधताना नियम जितका पक्का होतो, तितका दुसऱ्या कशाने होत नाही.

हात बसवण्यासाठी काही वाक्ये देतो. उत्तरे खाली आहेत, पण आधी प्रत्येक वाक्यातले क्रियापद धरून मागे जाऊन पाहा.

१. सभेत ठरलेले सर्व मुद्दे वहीत नोंदवले गेले नाही.
२. ज्या विद्यार्थ्यांनी अर्ज भरला नाही, त्याने कार्यालयात भेटावे.
३. तिने घाईघाईत छत्री घरीच विसरली.
४. मुख्याध्यापिकांनी सर्व मुलींना बक्षिसे दिली.
५. जेवण उरकून वीज गेली.
६. वेळेवर औषध मिळाले असते, तर तो रुग्ण वाचेल.
७. तुम्ही आणि मी उद्या सकाळी लवकर निघाल.
८. निघायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे बोलायला वेळ उरला नव्हता.

पहिल्यात 'मुद्दे' अनेकवचनी, म्हणून 'नाहीत'. दुसऱ्यात 'ज्या विद्यार्थ्यांनी' ची जोडी 'त्यांनी'. तिसऱ्यात 'विसरणे' कर्त्याला धरून चालते, म्हणून 'ती विसरली'. चौथे शुद्ध आहे. 'मुलींना' कडे पाहून 'दिल्या' किंवा 'दिले' करण्याचा मोह होतो, पण मोकळे नाम 'बक्षिसे' आहे, नपुंसकलिंगी अनेकवचनी, आणि त्याचे क्रियापद 'दिली'. पाचव्यात जेवण विजेने उरकलेले नाही, 'जेवण उरकल्यावर' हवे. सहाव्यात 'वाचला असता'. सातव्यात 'मी' आहे, म्हणून 'निघू'. आठव्यात 'वेळ' दोनदा दोन लिंगांत आला आहे, आणि दोन्ही वेळा बरोबर आला आहे. त्या वाक्यात चूक नाही.